बिअरला देश असतो का?

यीस्टवर पीएच.डी. करते असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "म्हणजे पावात घालतात तेच का?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "मग सांग ना, कुठल्या देशाची बिअर सगळ्यात भारी?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: हो, पावाचं आणि बऱ्याचशा बिअरचं यीस्ट एकाच जातीचं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र एक अख्खा लेख लागतो. तो हा.

तुम्हीही अशा याद्या वाचल्या असतील. बेल्जियम एक नंबर, जर्मनी दोन, चेक तीन, आयर्लंड वेगळीच गोष्ट, आणि आपली बिअर शेवटच्या बाकावर. क्रिकेटच्या क्रमवारीसारखं. माझी तक्रार आवडीनिवडीबद्दल नाही, ती ज्याची त्याची. तक्रार मोजमापाबद्दल आहे. दोन आंब्यांची तुलना करताना आपण हापूस की पायरी असं विचारतो, आधी जिल्हा विचारत नाही. बिअरच्या बाबतीत मात्र झेंडा आधी आणि चव नंतर. म्हणून खाली माझ्या आवडीच्या चार बिअर घेते, चार देशांच्या. प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी बघू: ती चांगली का लागते, आणि त्या चांगलेपणातलं नक्की किती त्या देशाचं आहे.

१. पिल्स्नर उर्क्वेल: चेक म्हणावी तर...

आज जगात खपणाऱ्या बहुतेक पिवळ्याधमक, पारदर्शक बिअर हिच्याच वंशातल्या. १८३८ साली पिल्झेन गावातल्या लोकांनी आपल्याच गावची खराब बिअर पिंपंच्या पिंपं रस्त्यावर ओतून दिली, मग एकत्र येऊन नवी ब्रुअरी काढली, आणि ५ ऑक्टोबर १८४२ ला योसेफ ग्रोल नावाच्या ब्रुअरने तिथे पहिला घाणा लावला.

चव कशी? आधी धान्याचा मधाळ गोडवा, आणि त्याच्या पाठोपाठ चांगलाच ठसठशीत कडवटपणा. पण हा कडूपणा कारल्यासारखा जिभेवर ठाण मांडून बसत नाही. येतो, तोंड स्वच्छ करतो आणि जातो. पुढचा घोट घ्यावासा वाटतो तो त्यामुळेच. अगदी मागे, लक्ष दिलं तर, ताज्या लोण्याची किंचित झाक असते. ही झाक डायअॅसिटिल नावाच्या रसायनाची. यीस्ट आंबवताना त्याचा कच्चा माल बाहेर सोडतं, त्याचं डायअॅसिटिल बनतं, आणि वेळ दिला तर तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात लागर बिअरमध्ये डायअॅसिटिल हा दोष म्हणून शिकवतात. इथे तो चिमूटभर ठेवला की खूण होतो. दोष आणि वैशिष्ट्य यांच्यात अनेकदा फक्त प्रमाणाचा फरक असतो, हे या बिअरइतकं नीट मला दुसऱ्या कशानं शिकवलं नाही.

आता देशाचा हिशोब. पाणी पिल्झेनचं, क्षार अगदी कमी असलेलं, म्हणून कडवटपणा टोचत नाही. हॉप्स बोहेमियातल्याच साझ भागातले. इथपर्यंत चेक. पण ब्रुअर ग्रोल बवेरियाचा. थंडीत, तळाशी बसून आंबवणारं यीस्ट आणि ती पद्धतही बवेरियाची. जवाचं माल्ट न करपवता फिकट सुकवायची रीत इंग्लंडची. आणि तेव्हा राज्य होतं ऑस्ट्रियाचं.

यीस्टपाशी तर आणखी गंमत आहे. लागरचं यीस्ट हे खेचर आहे, अगदी शब्दशः. दोन वेगळ्या जातींचा संकर, आणि खेचरासारखंच प्रजननाच्या बाबतीत जवळपास कुचकामी. एक पालक आपलं नेहमीचं, पावाचं. त्याच्याकडून बिअरमधली साखर फस्त करायची हातोटी आली. दुसरा पालक थंडी सोसणारा, आणि तो कोण हे बरीच वर्षं कुणाला सापडत नव्हतं. २०११ साली तो सापडला, तोही युरोपात नाही, तर दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियाच्या जंगलात, बीचच्या नातेवाईक झाडांवरच्या गाठींमध्ये. त्याला 'सॅकॅरोमायसीस युबायानस' नाव दिलं. पुढे तो तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही मिळाला. म्हणजे 'अस्सल चेक' बिअर ज्याच्या जिवावर उभी आहे तो जीव कुठल्याच देशाचा पासपोर्ट बाळगत नाही.

२. बवेरियाची गव्हाची बिअर

वाइसबिअर, हेफेवाइझेन, नावं काहीही असोत. मी नमुना म्हणून म्युनिकजवळच्या फ्रायझिंगची वाइनस्टेफानर घेते. गढूळ, सोनेरी, वर भरगच्च फेस. वास घेतलात तर पिकलेलं केळं आणि लवंग. शिकरणात कुणीतरी लवंग ठेचून टाकावी तसं. पहिल्यांदा पिणाऱ्याला वाटतं यात अर्क मिसळलाय. काही मिसळलेलं नसतं. केळ्याचा वास आयसोअॅमाइल अॅसिटेटचा, तो यीस्ट तयार करतं. लवंगेचा वास ४-व्हायनिल ग्वायकॉल या फेनॉलचा, तोही यीस्टच तयार करतं. धान्याच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल मोकळं करायला ब्रुअर माल्टचं मिश्रण ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ ठेवतात, आणि पुढचं काम यीस्टवर सोपवतात.

माझ्या अभ्यासाचा विषय इथेच कुठेतरी लपलेला आहे, म्हणून थोडं थांबते. फेरुलिक आम्लाचं लवंगेच्या वासात रूपांतर करायला यीस्टला पॅड-१ आणि एफडीसी-१ ही दोन जनुकं लागतात. रानटी यीस्टमध्ये ती चालू असतात. २०१६ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांच्या पुढाकाराने १५७ यीस्टच्या जनुकसंचांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये ही जनुकं मोडलेली आहेत, आणि वेगवेगळ्या घराण्यांत ती वेगवेगळ्या जागी मोडली आहेत. म्हणजे हा एकाच पूर्वजाकडून आलेला वारसा नाही. ठिकठिकाणच्या ब्रुअरना लवंगेचा वास नको होता, आणि नकळत त्यांनी तो नसलेलं यीस्ट पुन:पुन्हा निवडलं.

नकळत कसं? विरजणासारखं. चांगलं दही लागलं की त्यातलं चमचाभर बाजूला काढायचं, उद्याच्या दुधाला लावायचं. बिघडलं तर फेकायचं आणि शेजारच्या काकूंकडून नवं आणायचं. युरोपातले ब्रुअर शतकानुशतकं हेच करत होते. यीस्ट म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, पण निवड चालूच होती. त्या अभ्यासाच्या हिशोबाने हे माणसाळणं सोळाव्या शतकाच्या शेवटी-सतराव्याच्या सुरुवातीला सुरू झालं. अनेक यीस्ट तेव्हापासून इतकी घरबशी झाली की त्यांची लैंगिक प्रजननाची क्षमताच गेली. बवेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र लवंग हवी होती, म्हणून तिथल्या यीस्टमध्ये ती दोन जनुकं शाबूत राहिली.

या चवीचं श्रेय जर्मनीत '१५१६ च्या शुद्धता कायद्याला' द्यायची फार सवय आहे. बाटलीवर, जाहिरातीत, सगळीकडे. २३ एप्रिल १५१६ ला इंगोलश्टाटमध्ये तो नियम जाहीर झाला खरा, पण त्यात बिअरसाठी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: जव, हॉप्स आणि पाणी. गहू नाही! गहू पावासाठी राखून ठेवायचा होता. गव्हाची बिअर काढायची मुभा आधी एका सरदार घराण्याकडे आणि १६०२ नंतर खुद्द बवेरियाच्या राजघराण्याकडे मक्त्यासारखी होती, आणि त्यातून त्यांनी भरपूर पैसा कमावला. थोडक्यात, माझी आवडती 'जर्मन' बिअर त्या प्रसिद्ध जर्मन कायद्यामुळे जन्मली नाही. त्यातून काढलेल्या पळवाटेमुळे टिकली.

३. ऑर्वाल: एकाच बाटलीच्या अनेक बिअर

बेल्जियमच्या दक्षिण टोकाला ऑर्वाल नावाचा मठ आहे. तिथली ब्रुअरी १९३१ ची. मद्यार्क ६.२ टक्के. बाटलीत भरताना यात ब्रेटॅनोमायसीस नावाचं दुसरं, काहीसं रानटी यीस्ट घालतात, आणि ते बाटलीतही सावकाश काम करत राहतं. ताज्या बाटलीत हॉप्सचा, संत्र्याच्या सालीसारखा वास पुढे असतो. काही महिन्यांनी तो मागे सरकतो आणि कातड्याचा, ओल्या गोणपाटाचा, टांग्याच्या घोड्याजवळून जाताना येतो तसा वास पुढे येतो. वर्णन वाचून नाक मुरडू नका. सुक्या बोंबलाचा वासही वर्णनात चांगला वाटत नाही.

रसायन इथेही ओळखीचंच आहे. वरच्या बिअरमध्ये लवंगेच्या वासाचं जे रेणूचं कुटुंब होतं, त्यालाच ब्रेटॅनोमायसीस एक पायरी पुढे नेतं. व्हायनिल फेनॉलचं इथाइल फेनॉल होतं, आणि लवंगेचं गोणपाट होतं.

आता या 'खास बेल्जियन' चवीचा जन्मदाखला बघा. ब्रेटॅनोमायसीसचं वर्णन १९०४ साली क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञाने केलं, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरवर काम करताना. नावाचा अर्थच 'ब्रिटिश बुरशी'. इंग्लंडमध्ये तेव्हा ती मुरलेल्या बिअरची अपेक्षित चव होती. पुढे इंग्लंडने ती टाकली, बेल्जियमच्या काही कोपऱ्यांनी ठेवली. डेन्मार्कमध्ये सापडलेलं, ब्रिटनच्या नावाचं यीस्ट आज बेल्जियमची ओळख म्हणून मिरवतं.

ऑर्वालवर टीका करायचीच तर एक करता येईल: ही बिअर गुण देण्याच्या पद्धतीलाच हुलकावणी देते. 'ऑर्वालला दहापैकी नऊ' असं कुणी लिहिलं तर पहिला प्रश्न विचारा, कुठल्या वयाच्या? तीन महिन्यांची आणि अठरा महिन्यांची बाटली या दोन वेगळ्या बिअर आहेत. मला सहा-आठ महिन्यांची आवडते, हॉप्स आणि गोणपाट यांचं जेव्हा बरोबरीचं भांडण चालू असतं तेव्हाची.

४. गिनेस: ओठांनी प्यायची बिअर

१७५९ साली डब्लिनमध्ये आर्थर गिनेसने वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९००० वर्षांचा करार केला, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. तिचा काळा रंग भाजलेल्या जवाचा. चव कॉफीची, आणि पोळीची कड जरा जास्त भाजली गेली तर लागते तशी. लोकांना वाटतं ही फार 'जड' बिअर. नळावरच्या गिनेसमध्ये मद्यार्क जेमतेम ४.२ टक्के, पिल्स्नर उर्क्वेलच्या ४.४ पेक्षाही कमी.

जडपणाचा भास फेसामुळे होतो. १९५९ साली मायकेल अॅश या गणितज्ञाच्या नेतृत्वाखाली गिनेसने कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजन वापरायची पद्धत बसवली. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक राहतात, आणि फेस दुधावरच्या सायीसारखा होतो. माझं प्रामाणिक मत: नळावरची गिनेस ही चवीपेक्षा स्पर्शाची बिअर आहे. नाकाला तिच्यात फार काही नाही, कारण जाड फेस आणि थंडी दोन्ही वास दाबून ठेवतात. ओठांना मात्र तिच्याइतकं सुख दुसरी कुठली देत नाही.

आणि आयर्लंडची म्हणाल, तर नायजेरियात जाऊन बघा. तिथली गिनेस ७.५ टक्क्यांची, जास्त गोड, जास्त कडू, आणि तिच्या धान्यात आपली ज्वारीसुद्धा असते. लेबलावर नाव तेच. आता 'आयरिश बिअर कशी लागते' या प्रश्नाला लागोसच्या माणसाने काय उत्तर द्यायचं?

मग देशाचं काहीच नाही का?

आहे. पाणी आहे. पिल्झेनचं पाणी वर आलंच. त्याच्या उलट इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी: आपल्याकडे ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही तसं क्षारांनी भरलेलं, विशेषतः सल्फेटने. त्याने हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि धारदार होतो. मुंबई-कलकत्त्याला जहाजाने येणारी फिकट, कडू बिअर १८२० च्या दशकात बर्टनमध्ये बनायला लागली आणि गाजली, त्यात या पाण्याचा मोठा हात होता. आज 'आयपीए'मधल्या 'इंडिया'चा अर्थ इतकाच, की ती इथे प्यायली जायची.

यीस्टलाही घराणी आहेत. त्या १५७ यीस्टमध्ये ब्रिटनचा एक गट निघाला, बेल्जियम-जर्मनीचा एक. पण अमेरिकेचं यीस्ट ब्रिटनच्या घराण्यातून फुटलेलं दिसलं, आणि बेल्जियम-जर्मनी एकत्रच. म्हणजे घराणी खरी, पण त्यांच्या सीमा नकाशावरच्या सीमांना जुमानत नाहीत. आपल्या गायकीच्या घराण्यांना गावांची नावं आहेत, पण किराणा घराणं ऐकायला कुणी किराण्याला जात नाही. तसंच हे.

जिभेवर विश्वास ठेवायचा का?

इथे एक हुशार वाचक म्हणेल, "अगं, लेबल झाकलं की लोकांना काहीच कळत नाही, असं संशोधन आहे ना?" आहे. १९६४ साली अमेरिकेत अॅलिसन आणि उल यांनी लोकांना लेबल नसलेल्या बिअर दिल्या. नेहमी पिणाऱ्यांनाही आपला ब्रँड ओळखता आला नाही, गुण सगळ्यांना साधारण सारखेच. लेबल लावल्यावर मात्र ज्याने त्याने आपापल्या ब्रँडला जास्त गुण दिले.

यावरून 'चव म्हणजे सगळं थोतांड' असा निष्कर्ष काढणं लोकांना फार आवडतं. मला तो पटत नाही. त्या प्रयोगातल्या बिअर मुळातच एकमेकींसारख्या होत्या, फिकट अमेरिकन लागर. वरच्या चारांतली कुठलीही बिअर डोळे बांधून दिली तरी दुसरीशी गल्लत होणार नाही. प्रयोग सांगतो तो इतकंच, की जिथे फरक बारीक असतो तिथे लेबल जिंकतं.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग २००६ चा, एमआयटीजवळच्या पबमधला. बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब घातले. काहींना काहीच सांगितलं नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ती आवडली. काहींना प्यायच्या आधी सांगितलं, त्यांना ती कमी आवडली. आणि काहींना पिऊन झाल्यावर, पण मत देण्याआधी सांगितलं. यांचं मत मात्र पहिल्या गटासारखंच राहिलं. याचा अर्थ माहितीने नुसतं मत बदललं नाही, चवच बदलली. आणि तीही फक्त आधी मिळाली तर.

बिअरवर लिहिणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायला हवं. आम्ही आधी जे सांगतो ते तुमच्या ग्लासात जातं. 'बेल्जियन आहे, भारीच असणार' हे वाक्य व्हिनेगरसारखंच एक घटकद्रव्य आहे, फक्त उलट्या बाजूचं. म्हणून समीक्षकाने झेंडा सांगण्यापेक्षा 'मागे लोण्याची झाक शोधा' असं सांगावं. पहिल्याने नुसती अपेक्षा वाढते. दुसऱ्याने लक्ष एका जागी जातं, आणि तिथे लोणी नसेल तर तुम्ही मला खोटं पाडू शकता.

घरच्या घरी

आपल्याकडे परदेशी बिअरची तुलना करताना दोन गोष्टी आधी बघा. एक, तारीख. पिल्स्नर आणि गव्हाची बिअर ताजीच प्यायची असते. उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि आपण म्हणतो 'मला जर्मन बिअर झेपत नाही'. दोन, काच. हॉप्समधले कडू घटक उजेडात तुटतात आणि त्यातून घाणेरड्या वासाचं गंधकाचं रसायन बनतं. तपकिरी काच तो उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी अजिबात नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली मांडलेली हिरवी बाटली कितीही विलायती दिसली तरी मागच्या खोक्यातली मागा.

मग जिभेची परीक्षा घ्या. तीन सारखे ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. कुठे काय आहे ते ओतणाऱ्यालाच माहीत. वेगळा ग्लास ओळखायचा. प्रत्येकात दोन घोट पुरेत, आणि दोन्ही बिअर फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फगार असताना सगळं सारखंच लागतं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येणारच. सहा वेळा केलंत आणि पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं, तर ते नशीब असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत आहे. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा हे गणितही एका ब्रुअरीतूनच आलं. गिनेसमध्ये नोकरी करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने ते छापलं, आणि माझ्यासारखे विद्यार्थी आजही दर आठवड्याला त्याची टी-चाचणी वापरतात.

एकच निवडायची तर मी पिल्स्नर उर्क्वेल निवडेन, ताजी, तपकिरी बाटलीतली किंवा नळाची. देश म्हणून नाही. कडूपणा आणि गोडवा इतक्या जवळ आणून दोघांनाही बोलू देणं मला दुसरीकडे इतकं नीट जमलेलं दिसत नाही, म्हणून. तुमची निवड वेगळी असेल तर कळवा. फक्त देशाचं नाव पुरणार नाही. बाटलीवरची तारीख, काचेचा रंग आणि सहापैकी किती, तेवढं लिहा.